सौरवीज स्वस्त झाली, ती कशी आणि कोणाच्या पैशाने

२०१० साली केंद्रीय वीज नियामक आयोगाने सौर विजेसाठी जो दर ठरवून दिला, तो युनिटला १७ रुपये ९१ पैसे होता. दहा वर्षांनी, डिसेंबर २०२० मध्ये, गुजरातच्या सरकारी वीज कंपनीने काढलेल्या निविदेत काही कंपन्यांनी १ रुपया ९९ पैसे दराने वीज द्यायची तयारी दाखवली. या दहा वर्षांत डाळ, डिझेल, घरभाडे, शाळेची फी असे जवळजवळ सगळे महागले आणि ही एक गोष्ट मात्र नवव्या हिश्शावर आली. त्यामुळे वाचकांच्या मनात दोन प्रश्न येतात आणि दोन्ही रास्त आहेत. ऊन तर पूर्वीही फुकटच होते, मग सौरवीज तेव्हा इतकी महाग का होती? आणि आता ती दोन-अडीच रुपयांना मिळत असेल, तर घरच्या बिलात प्रत्येक युनिटमागे त्याच्या कितीतरी पट रक्कम का लागते?

पुढे जाण्यापूर्वी दोन मापे पक्की करून घेऊ. वॅट हे पॅनेलच्या क्षमतेचे माप आहे. हजार वॅट म्हणजे एक किलोवॅट आणि हजार किलोवॅट म्हणजे एक मेगावॅट. युनिट हे प्रत्यक्ष वापरलेल्या विजेचे माप आहे. एक किलोवॅटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट होते. महाराष्ट्रात गच्चीवर बसवलेले एक किलोवॅटचे पॅनेल वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला साधारण चार युनिट वीज देते.

पैसा उन्हाला नव्हे, सिलिकॉनला लागतो

पॅनेलचा जीव असतो सिलिकॉन या मूलद्रव्यात. पृथ्वीच्या कवचात प्राणवायूखालोखाल सर्वांत जास्त आढळणारे मूलद्रव्य हेच आहे, त्यामुळे कच्च्या मालाची टंचाई कधीच नव्हती. खर्च होता तो शुद्धीकरणाचा. गारगोटीपासून मिळालेले सिलिकॉन आधी वायुरूप संयुगात बदलावे लागते आणि मग हजार अंशांहून अधिक तापमानाच्या भट्टीत तापलेल्या कांड्यांवर ते थर-थर करून बसवावे लागते. या अतिशुद्ध मालाला पॉलिसिलिकॉन म्हणतात. तो वितळवून त्याचे लांब ठोकळे करतात, ठोकळ्यांच्या पातळ चकत्या कापतात (या चकतीला वेफर म्हणतात), चकतीवर प्रक्रिया करून तिचा सौरघट करतात आणि असे अनेक घट काचेखाली ओळीने बसवले की पॅनेल तयार होते.

एखादे पॅनेल जवळून पाहिले तर गडद निळ्या किंवा काळ्या पृष्ठभागावर केसासारख्या बारीक, एकमेकींना समांतर रेघा दिसतात. त्या चांदीच्या असतात. चांदीची लेई जाळीतून दाबून त्या छापल्या जातात आणि प्रकाशामुळे मोकळे झालेले इलेक्ट्रॉन त्यांच्यातून बाहेर तारेकडे जातात. रेघ जाड केली तर ती प्रकाश अडवते आणि चांदीही जास्त खाते. फार बारीक केली तर विजेला वाट अपुरी पडते. ही रेघ अधिकाधिक बारीक कशी छापता येईल यावर जगभरच्या कारखान्यांत वर्षानुवर्षे काम झाले आहे. सौरवीज स्वस्त होण्याची कहाणी बरीचशी अशाच कामांची आहे. एखाद्या एकाच थोर शोधाने हे घडले असते तर सांगायला सोपे झाले असते, पण तसे झालेले नाही.

पहिले गिऱ्हाईक अंतराळात

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डॅरिल चेपिन, कॅल्विन फुलर आणि जेराल्ड पीअरसन यांनी १९५४ साली सिलिकॉनचा पहिला उपयोगी सौरघट दाखवला. त्यावर पडलेल्या प्रकाशातील सुमारे ६ टक्के ऊर्जा विजेत उतरत होती. मात्र एका वॅटला शेकडो डॉलर खर्च येत असल्याने एका घराची गरज भागवायची म्हटले तरी लाखो डॉलर लागले असते. अशा किमतीला गिऱ्हाईक मिळते ते फक्त तिथे, जिथे दुसरा पर्यायच नसतो. मार्च १९५८ मध्ये सोडलेल्या व्हॅनगार्ड-१ या उपग्रहातील बॅटरी काही आठवड्यांत संपली, पण सौरघटांवर चालणारा प्रक्षेपक (ट्रान्समीटर) १९६४ पर्यंत संदेश पाठवत राहिला. त्यानंतर अंतराळ संशोधनाने हे घट सोडले नाहीत.

जमिनीवरची पहिली मोठी घसरण १९७० च्या दशकात झाली. एलियट बर्मन या रसायनतज्ज्ञाने एक्सॉन या तेल कंपनीच्या पैशावर छोटी कंपनी काढली आणि संगणकाच्या सुट्या भागांसाठी नाकारलेल्या सिलिकॉन चकत्या वापरून वॅटची किंमत १०० डॉलरवरून २० डॉलरवर आणली. त्याचे गिऱ्हाईक होते समुद्रातील तेलविहिरींवरचे इशारा-दिवे, जिथे जड बॅटऱ्या बोटीने वाहून नेण्यापेक्षा पॅनेल परवडत असे. पुढे जपानमध्ये खिशातल्या गणकयंत्रांवर इवलेसे सौरघट आले. प्रत्येक टप्प्यावर पॅनेल थोडे स्वस्त झाले, त्यामुळे थोडे मोठे गिऱ्हाईक परवडू लागले आणि त्या गिऱ्हाइकासाठी केलेल्या उत्पादनामुळे किंमत आणखी खाली आली.

उत्पादन दुप्पट, किंमत पाचव्या हिश्शाने कमी

हा प्रकार सौर क्षेत्रापुरता नाही. विमाने जितकी जास्त बनवावीत तितका प्रत्येक पुढच्या विमानाचा खर्च ठरावीक प्रमाणात घटतो, हे टी. पी. राइट या अमेरिकी अभियंत्याने १९३६ सालीच मांडले होते. सौर पॅनेलच्या बाबतीत हे प्रमाण असे आढळते, की आजवर बनलेल्या एकूण पॅनेलची संख्या दुप्पट झाली की किंमत साधारण २० टक्क्यांनी उतरते. २० टक्के ऐकायला थोडे वाटतात, पण दहा वेळा दुप्पट म्हणजे हजारपट, आणि तेवढ्यात १०० रुपयांची वस्तू ११ रुपयांच्या आसपास येते. आजच्या चलनात मोजले तर १९७६ साली पॅनेलच्या एका वॅटला १०० डॉलरहून अधिक पडत. २०१९ पर्यंत तो आकडा ४० सेंटच्या आत आला आणि त्यानंतर चिनी बनावटीचे पॅनेल १० सेंटच्या आसपासही विकले गेले.

मग कोळशाच्या केंद्रांना हा नियम का लागू पडला नाही, असा आक्षेप येऊ शकतो. लागू पडतो, पण दोन मर्यादांसह. औष्णिक केंद्र हे जागेवर उभारलेले अवाढव्य बांधकाम असते. जगात अशी केंद्रे हजारांत मोजावी लागतात, तर पॅनेल म्हणजे एकसारखा माल, जो कारखान्यातून कोट्यवधींच्या संख्येने बाहेर पडतो आणि प्रत्येक खेपेला काहीतरी सुधारण्याची संधी देतो. दुसरे म्हणजे औष्णिक विजेच्या दरात कोळसा आणि त्याची वाहतूक यांचा मोठा वाटा असतो. खाण जुनी होऊन खोल गेली की कोळसा काढणे स्वस्त होत नाही.

या नियमात एक अट मात्र दडलेली आहे आणि माझ्या मते सगळ्या विषयाचे मर्म तीच आहे. किंमत काळाच्या ओघात आपोआप उतरत नाही, उत्पादन वाढले तर उतरते. म्हणजे वस्तू महाग असतानाच कोणीतरी ती मोठ्या प्रमाणावर विकत घ्यावी लागते. वॅटला चार-पाच डॉलर पडत असताना असा खरेदीदार कोण?

जर्मनीच्या ग्राहकांनी भरलेले बिल

हे काम आधी जपानने आणि मग जर्मनीने केले. जपान सरकारने १९९४ पासून घरांच्या छपरांवरील पॅनेलना अनुदान द्यायला सुरुवात केली. जर्मनीने २००० साली त्याहून मोठे पाऊल उचलले. हेर्मान शेअर आणि हान्स-योसेफ फेल या खासदारांच्या पुढाकाराने झालेल्या कायद्यानुसार, जो कोणी सौरवीज ग्रीडला, म्हणजे वीजतारांच्या सामायिक जाळ्याला, देईल त्याला युनिटला ९९ फेनिग, म्हणजे सुमारे ५० युरो सेंट, इतका दर २० वर्षे ठरल्याप्रमाणे मिळणार होता. बाजारातील विजेपेक्षा हा दर कितीतरी जास्त होता. नव्याने येणाऱ्या प्रकल्पांसाठी तो दरवर्षी कमी होत जाणार होता, त्यामुळे कारखानदारांवर खर्च घटवण्याचा दबावही राहिला.

२० वर्षांची हमी पाहून शेतकऱ्यांनी गोठ्यांवर आणि शिक्षकांनी घरांवर पॅनेल लावले. बँकांनीही निर्धास्तपणे कर्जे दिली. या वाढीव दराचा भार सर्व वीजग्राहकांच्या बिलात अधिभार म्हणून टाकला गेला. २०१७ साली तो युनिटला जवळजवळ ७ युरो सेंटपर्यंत पोहोचला होता आणि २०२२ मध्ये बंद करण्यात आला. ढगाळ हवेच्या देशाने सौरऊर्जेवर एवढा पैसा ओतावा, यावर तिथे भरपूर टीका झाली, आणि जर्मनीपुरता हिशोब मांडला तर ती टीका निराधार नव्हती. पण त्या खरेदीमुळे उतरलेल्या किमतीचा लाभ राजस्थानच्या वाळवंटाला आणि आफ्रिकेतल्या गावांनाही झाला. त्या ग्राहकांचे ऋण आपण मोकळेपणाने मान्य करायला हवे.

चीनचे कारखाने

मागणी जर्मनीने निर्माण केली आणि पुरवठा चीनने. ऑस्ट्रेलियात प्राध्यापक मार्टिन ग्रीन यांच्या प्रयोगशाळेत शिकलेले शी झेंगरोंग मायदेशी परतले आणि वूशी शहराच्या प्रशासनाच्या पाठबळावर २००१ साली त्यांनी सनटेक ही कंपनी काढली. २००५ मध्ये ती न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात पोहोचली. तिचे यश पाहून चीनच्या अनेक प्रांतांनी स्वस्त जमीन, स्वस्त वीज आणि सरकारी बँकांची कर्जे देऊन असे कारखाने उभे केले.

मागणी इतकी वाढली की २००८ मध्ये पॉलिसिलिकॉनचा भाव किलोला ४०० डॉलरच्या वर गेला आणि पॅनेलची किंमत उतरायची थांबली. चढ्या भावाला भुलून जगभर शुद्धीकरणाचे नवे कारखाने उभे राहत असतानाच आर्थिक मंदी आली आणि स्पेनने आपल्या भरमसाट वाढलेल्या सौर योजनेला लगाम घातला. भाव वर्षभरात १०० डॉलरच्या खाली आला. माल पडून राहिला, किमती कोसळल्या, अनेक युरोपीय व अमेरिकी कंपन्या बुडाल्या आणि २०१३ मध्ये खुद्द सनटेकची मुख्य कंपनी दिवाळखोरीत गेली. पण कारखाने आणि त्यांत तयार झालेले कसबी हात तिथेच राहिले.

याच काळात चकत्या कापण्याची पद्धत बदलली. आधी पोलादी तारांवर कठीण पूड मिसळलेला चिकट द्राव सोडून ठोकळे घासत-घासत कापले जात. तारेच्या जाडीइतके महागडे सिलिकॉन चिखलात वाया जाई. आता हिऱ्याचे सूक्ष्म कण बसवलेली, माणसाच्या केसाहून बारीक तार वापरतात. ती कित्येक पटींनी वेगाने कापते आणि भुसा कमी पाडते. चकतीची जाडीही ३०० मायक्रॉनवरून १५० मायक्रॉनच्या आसपास आली, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये सहा-सात चकत्या बसतील इतकी. दुसरीकडे घटाची कार्यक्षमता वाढून आज चांगली पॅनेल पडलेल्या प्रकाशातील २० टक्क्यांहून अधिक ऊर्जेची वीज करतात. २००४ साली एका वॅटसाठी १६ ग्रॅमच्या आसपास सिलिकॉन लागे. आता दोन-तीन ग्रॅम पुरते.

ही स्वस्ताई निर्मळ आहे का?

पूर्णपणे नाही. पॅनेल बनवण्याच्या प्रत्येक टप्प्यावर चीनचा वाटा ८० टक्क्यांहून अधिक आहे आणि एकाच देशावर एवढे अवलंबून राहण्यात धोका आहे. शिनजियांग प्रांतात उइगर या अल्पसंख्य मुस्लिम समाजाच्या लोकांकडून सक्तीने काम करून घेतले जात असल्याच्या आरोपांवरून अमेरिकेने २०२१ मध्ये तिथल्या मालावर बंदी घालणारा कायदा केला. पॉलिसिलिकॉनही त्यात येते. शुद्धीकरणाला लागणारी वीजही बरीचशी कोळशाची असते.

याच मुद्द्यावरून असेही म्हटले जाते, की पॅनेल बनवायला जेवढी ऊर्जा लागते तेवढी ते आयुष्यभरात परत देत नाही. हे सुरुवातीच्या घटांबाबत खरे असू शकेल, आजच्या पॅनेलबाबत नाही. भारतासारख्या उन्हाच्या देशात पॅनेल साधारण वर्ष-दीड वर्षात आपल्या निर्मितीची ऊर्जा फेडते आणि त्याची हमी बहुधा २५ वर्षांची असते. जुन्या पॅनेलच्या कचऱ्याचा प्रश्न मात्र खरा आहे. भारताने ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांत सौर पॅनेलचा समावेश केला, पण ती गोळा करून काच, ॲल्युमिनियम आणि चांदी वेगळी काढणारी यंत्रणा अजून उभी राहायची आहे.

भारतात दर कोसळला तो व्याजामुळेही

जानेवारी २०१० मध्ये जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय सौर अभियान सुरू झाले तेव्हा भारतापुढे जर्मनीचा ठरावीक दराचा मार्ग होता. आपण त्याऐवजी उलट्या लिलावाचा मार्ग धरला: सरकार ठरावीक मेगावॅटची निविदा काढते आणि सर्वांत कमी दर देणाऱ्याला २५ वर्षांचा करार मिळतो. पहिल्याच फेरीत सरासरी दर १२ रुपयांवर आला. मे २०१७ मध्ये राजस्थानातील भडला येथे तो २ रुपये ४४ पैसे झाला.

पॅनेल उतरले म्हणून दर उतरला, हे खरेच. पण तेवढ्याने हिशोब पुरा होत नाही. उन्हाळ्यात टँकर मागवणारा माणूस जेवढे पाणी लागेल तेवढेच पैसे देतो; विहीर खोदणाऱ्याला मात्र सगळा खर्च पहिल्याच दिवशी करावा लागतो आणि पुढे पाणी जवळजवळ फुकट मिळते. म्हणून विहिरीचे पाणी किती रुपयांना पडले, हे खोदाईबरोबरच सावकाराचे व्याज ठरवते. सौर प्रकल्प विहिरीच्या जातीचा आहे. ढोबळ आकडे घेऊ. एक मेगावॅटला ४ कोटी रुपये लागतात, सगळी रक्कम कर्जाची आहे आणि प्रकल्प वर्षाला १६ लाख युनिट वीज देतो, असे धरले तर १० टक्के व्याजाने पहिल्या वर्षी ४० लाख रुपये व्याज होते, म्हणजे युनिटमागे अडीच रुपये. व्याज ७ टक्के असेल तर तेच पावणेदोन रुपयांवर येते. पॅनेल तेच, ऊन तेच आणि फरक ७५ पैशांचा.

सावकार व्याज कमी लावतो ते धोका कमी दिसला तर. वीज विकत घेणारी सरकारी कंपनी वेळेवर पैसे देईल का, जमीन तंट्यात अडकेल का, वीज वाहून नेणारी तार वेळेत येईल का, हे इथले मोठे धोके. मध्य प्रदेशातील रीवा येथील ७५० मेगावॅटच्या प्रकल्पात जमीन आणि तारा तयार ठेवल्या गेल्या आणि पैसे थकल्यास राज्य सरकारची हमी दिली गेली. भडलाच्या आधी, फेब्रुवारी २०१७ मध्ये झालेल्या या लिलावात पहिल्या वर्षाचा दर २ रुपये ९७ पैसे निघाला, जो त्या वेळी विक्रमी होता. २०२० च्या दोन रुपयांच्या आसपासच्या बोलींमागेही जगभर पडलेले व्याजदर आणि परदेशी भांडवल होते. त्यानंतर पॉलिसिलिकॉन महागले, एप्रिल २०२२ पासून आयात पॅनेलवर ४० टक्के सीमाशुल्क लागले आणि दर पुन्हा अडीच रुपयांच्या घरात गेले. देशी कारखाने उभे राहावेत म्हणून लावलेला हा कर मला समर्थनीय वाटतो, पण त्याची किंमत वीजग्राहक मोजतो हे लपवू नये.

मग माझे बिल का उतरत नाही?

लिलावातला दर हा प्रकल्पाच्या फाटकापाशी, भर दुपारी मिळणाऱ्या विजेचा असतो. ती वीज शेकडो किलोमीटर वाहून आणायची, वाटेतली गळती सोसायची, रोहित्रे आणि मीटर सांभाळायचे, हा सगळा खर्च वेगळा. बिलावर वीज आकाराखेरीज स्थिर आकार आणि वहन आकार अशा ओळी असतात, त्या याच्याच; त्यावर विद्युत शुल्क हा राज्य सरकारचा कर असतो. शिवाय देशातील सुमारे ७० टक्के वीज अजून कोळशापासून येते, आणि २०१०-१२ मधल्या महाग सौर प्रकल्पांचे करारही २५ वर्षांचे असल्याने त्यांचे पैसे आजही चुकवावे लागतात.

गच्चीवरच्या पॅनेलमुळे बिल झपाट्याने उतरते, याचे कारणही हेच. तिथे वाचलेले युनिट अडीच रुपयांचे नसते, ते बिलातल्या पूर्ण दराचे असते. फेब्रुवारी २०२४ पासूनच्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान मिळते आणि असा संच महिन्याला साधारण साडेतीनशे युनिट देतो. ज्यांचा वापर महिन्याला शंभर युनिटच्या आत आहे, त्यांचा दर मुळातच कमी असल्याने त्यांना हा खर्च वसूल व्हायला बराच वेळ लागतो. म्हणून विक्रेत्याचे ऐकण्यापूर्वी स्वतःची वर्षभराची बिले मांडून पाहावीत.

सूर्य मावळल्यावर काय?

सौरऊर्जेवरचा सर्वांत वजनदार आक्षेप हाच आहे. दुपारी वीज उदंड आणि संध्याकाळी सातला, घरोघरी दिवे-पंखे लागतात तेव्हा, शून्य. लिथियम बॅटऱ्या २०१० नंतर सुमारे ९० टक्क्यांनी स्वस्त झाल्या आहेत आणि त्यांच्या मागेही उत्पादनवाढीचे तेच गणित आहे. आता अनेक निविदांत पॅनेलबरोबर साठवणुकीचीही अट असते. तरी साठवलेले युनिट हे थेट उन्हातल्या युनिटपेक्षा महाग पडतेच.

त्यामुळे वीज संध्याकाळपर्यंत टिकवण्याबरोबर वापरच दुपारी सरकवता येईल का, हे पाहणे शहाणपणाचे ठरते. महाराष्ट्रात शेतीपंप हा त्यासाठी सर्वांत योग्य भार आहे. वर्षानुवर्षे शेतकऱ्यांना थ्री फेज वीज पाळीपाळीने, आठवड्यातले काही दिवस रात्री मिळत आली; बॅटरीच्या उजेडात, साप-विंचवांच्या धास्तीत दारे मोडत पाणी द्यावे लागले. पाणी दुपारी दिले काय आणि रात्री दिले काय, पिकाला सारखेच; पण ग्रीडला फरक पडतो आणि शेतकऱ्याच्या जिवालाही. २०१७ मध्ये राळेगणसिद्धीपासून सुरू झालेल्या आणि २०२३ मध्ये दुसऱ्या टप्प्यात मोठ्या केलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळच्या जमिनीवर छोटे सौर प्रकल्प उभारून शेतीच्या वाहिन्या त्यांच्यावर चालवायच्या आहेत. बॅटरी लागत नाही, वीज लांबून आणावी लागत नाही, आणि खाजगी जमीन दिल्यास हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे मिळते. या प्रकल्पांचा दर युनिटला तीन रुपयांच्या आसपास आहे. शेतीच्या स्वस्त विजेचा भार आज उद्योगांच्या आणि इतर ग्राहकांच्या बिलांतून भरून काढला जातो. या वाहिन्या ठरल्याप्रमाणे उन्हावर चालू लागल्या तर हा भार हलका करण्याचा रस्ता मोकळा होतो. तो खरोखर हलका होतो का, हे वीज नियामक आयोगाच्या पुढच्या दरनिश्चितीत प्रत्येक ग्राहकाने आकडे मागून तपासण्यासारखे आहे.